सकाळची यादी संध्याकाळी का बदलली

पोरांनो, मागच्या रविवारी व्हिडिओवर तुमच्यातल्या धाकट्याने विचारलं, "आजी, तू लायब्ररीचा कॉम्प्युटर बिघडवलास आणि मग कॉम्प्युटरवाल्यांशी भांडलीस, हे खरं आहे का?" मागून तुमच्या बाबाच्या हसण्याचा आवाज आला. तुमची पोहायला जायची वेळ झाली होती, म्हणून मी "नाही" एवढंच म्हटलं. आता सविस्तर उत्तर देते. ही गोष्ट तुमच्या घरी चुकीच्या रूपात पोचली आहे, आणि एकदा घरातला विनोद म्हणून ती रुळली की मला जन्मभर दुरुस्त करत बसावी लागेल. त्यापेक्षा आत्ताच लिहून ठेवलेलं बरं.

मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू दे. माझं शिक्षण सगळं इंग्रजीत झालं, नोकरी इंग्रजीत झाली, आणि भांडणही इंग्रजीतच झालं. निदान त्याची हकीकत तरी मराठीत असावी.

तर, बिघडवलं मी काहीही नाही. भांडले मात्र. पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडेन.

शनिवार पेठेतलं आमचं वाचनालय, जिथे मी हौसेने काउंटरवर बसते, तुम्ही पाहिलेलं आहे. थोरलीला तिथल्या जिन्याची भीती वाटली होती. दिवाळीत तिथे दिवाळी अंकांची योजना असते. तुमच्याकडे असला प्रकार नाही, म्हणून सांगते. दिवाळीच्या सुमारास मराठीत शेकड्यांनी जाडजूड मासिकं निघतात, कथा, लेख, व्यंगचित्रं, राशिभविष्य. सगळी घरी घेणं कोणालाच जमत नाही. मग वाचनालय ती घेतं, सभासद एक अंक घरी नेतो, वाचतो, परत आणून दुसरा नेतो. सगळ्यांना नेमके तेच ठरावीक अंक हवे असतात, आणि प्रत्येकाला खात्री असते की ते अंक काउंटरखाली लपवून ओळखीच्यांना दिले जातात. त्या दिवसांत एरवी सभ्य असलेली माणसं काउंटरवर कशी बोलतात ते मी इथे लिहिणार नाही.

पूर्वी हे सगळं चिठ्ठ्यांवर चालायचं. चिठ्ठ्या हरवायच्या. तुमचे आजोबा गेल्यानंतर मला रिकाम्या संध्याकाळी नको होत्या, म्हणून मी प्रोग्रॅमिंगची एक भाषा शिकले. क्लास लावला नाही. क्लासमधली मुलं पडद्यावर बोट ठेवून "इथे क्लिक करा, काकू" म्हणतात आणि का ते सांगत नाहीत. मी त्या भाषेचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ती बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलेली माहिती, पहिल्या पानापासून वाचायला घेतली. असं ते कोणी वाचत नाही म्हणे. मी वाचलं. आणि दिवाळी अंकांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला.

त्या भाषेत एक सोय आहे, तिला डिक्शनरी म्हणतात. आपला शब्दकोश नव्हे. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला त्या नावाची माहिती, अशी ती यादी. माझ्या यादीत एका बाजूला अंकाचं नाव होतं आणि दुसऱ्या बाजूला तो आत्ता कुठे आहे ते: अमुक सभासदाकडे, नाहीतर कपाटात. अंक गेला की यादी बदलायची, परत आला की पुन्हा बदलायची. एवढं चोख चाललं. अडलं ते संध्याकाळच्या अहवालापाशी.

आमच्या कार्यवाहांना रोज संध्याकाळी एक कागद हवा असायचा: सकाळपासून आत्तापर्यंत कोणते अंक हलले. कार्यवाह म्हणजे वाचनालयाचा कारभार पाहणारे. बँकेतून निवृत्त झालेले, तुमच्या आजोबांचे मित्र, मला वहिनी म्हणतात आणि वहिनी म्हणूनच टोचून बोलतात. तर हा कागद काढायचा म्हणजे सकाळची यादी जशीच्या तशी जपून ठेवायला हवी आणि संध्याकाळच्या यादीशी ताडून पाहायला हवी. सकाळच्या यादीला कोणाचा चुकून हात लागू नये म्हणून मी डॉक्युमेंटेशनमध्ये शोधलं. तिथे नेमकी वस्तू मिळाली. डिक्शनरीचा रीड-ओन्ली व्ह्यू. डिक्शनरीचं फक्त वाचता येण्याजोगं दर्शन, असं एका वाक्यात लिहिलं होतं. फक्त वाचता येतं, बदलता येत नाही. मला हवं होतं ते हेच. सकाळी तो व्ह्यू तयार करायचा, त्याला "सकाळ" असं नाव द्यायचं, आणि संध्याकाळी ताडून पाहायचं.

योजनेच्या पहिल्या दिवशी रांग जिन्याखाली गेली होती. कपाट संध्याकाळपर्यंत रिकामं झालं. मी अहवाल काढला. कागदावर आलं: आज एकही अंक हलला नाही.

कार्यवाहांनी कागद चष्म्यावरून पाहिला, चष्म्यातून पाहिला, आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, संगणकाच्या मते आज वाचनालय बंद होतं. मग मी दुपारपासून ओरडत होतो ते कोणावर?"

काउंटरवरचे सगळे हसले. मीही हसले असते, पण ते पुढे म्हणाले, "तसंही एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर आपण बघतोच आहोत. सगळं त्यांच्याकडे देऊन टाकू. महिनाअखेरच्या सभेत ठेवतो विषय. तुम्ही आता आराम करा. रिपोर्ट तुम्हालाही बघायला मिळेलच की."

बघायला मिळेलच! जे काम मी शून्यातून उभं केलं ते आता मी खुर्चीवर बसून बघायचं, आणि तेही माझ्या वयाला मान म्हणून. घरी येताना लक्ष्मी रोडच्या गर्दीतून मी अशी चालले की दोन रिक्षांनी मला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतानाच शोधायला बसले. मोठा प्रोग्रॅम बाजूला ठेवला. एक इवलीशी डिक्शनरी केली, त्यात मोजक्या नोंदी, तिच्यावर एक रीड-ओन्ली व्ह्यू. व्ह्यूमध्ये बदल करून पाहिला, भाषेने साफ नकार दिला. छान. मग मूळ डिक्शनरीत एक नोंद बदलली आणि व्ह्यू पुन्हा वाचला. व्ह्यूमध्येही ती नोंद बदललेली!

हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट यावर उभी आहे. वाचनालयाच्या सभेच्या खोलीत दुर्मीळ पुस्तकांचं काचेचं कपाट आहे. बाहेरून तुम्ही सगळं पाहू शकता, पण हात लावू शकत नाही. चावी ग्रंथपाल बाईंकडे. त्यांनी कपाट उघडून एक पुस्तक काढलं, तर काचेतून तुम्हाला तिथे रिकामी जागा दिसेल. काच तुम्हाला अडवते, बाईंना अडवत नाही. रीड-ओन्ली व्ह्यू म्हणजे ती काच. सकाळी कपाट कसं होतं हे संध्याकाळी हवं असेल तर काच उपयोगाची नाही, सकाळी फोटो काढायला हवा. फोटो म्हणजे प्रत. मी दिवसभर काच जपली होती आणि समजत होते की फोटो जपला आहे. "सकाळ" नावाची ती वस्तू प्रत्येक क्षणी "आत्ता" दाखवत होती, मग फरक कसा दिसणार?

दुरुस्ती म्हणजे एक ओळ. व्ह्यूऐवजी प्रत. त्याच दिवशीपासून अहवाल बरोबर यायला लागले. पण सभेचा विषय तसाच होता, आणि डॉक्युमेंटेशनमधलं ते वाक्यही.

तुमच्या बाबाला फोनवर सांगितलं.

"आई, अगं हे बेसिक आहे," तो म्हणाला. "व्ह्यू म्हणजे व्ह्यू."

"बेसिक आहे तर त्यांनी लिहिलं का नाही?"

"कारण सगळ्यांना माहीत असतं ते."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"आई, मला मीटिंग आहे. आणि तू त्या वाचनालयाचा कशाला ताप करून घेतेस? देऊन टाक ना कंपनीला."

त्याची मीटिंग खरंच असेल. पण "सगळ्यांना" म्हणजे कोणाला, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.

आता माझ्या नोकरीबद्दल थोडं. मी भोसरीच्या एका पंपाच्या कारखान्यात मॅन्युअल लिहायचे. पंप कसा बसवायचा, कसा उघडायचा, काय करायचं नाही. माझी एक पद्धत होती. पान छापायला देण्याआधी मी ते अशा माणसाला वाचायला द्यायचे ज्याने तो पंप पूर्वी उघडलेला नाही, आणि शेजारी तोंड मिटून उभी राहायचे. तोंड मिटणं महत्त्वाचं. तो कुठे अडतो, कुठे भलताच नट फिरवतो, ते पाहायचं. साहेब लोक म्हणायचे, हे काय, हे तर कोणालाही कळेल. मी म्हणायचे, कोणालाही म्हणजे तुम्हाला. तुम्ही पंप उघडणार नाही आहात. वाक्य बरोबर असणं आणि वाक्य पुरेसं असणं यांत फरक आहे, आणि त्या फरकात माणसाचं बोट जाऊ शकतं.

तीच पद्धत मी इथे वापरायची ठरवली. पहिली सापडली माझी भाची, तुमची आत्या. ती हिंजवडीला नोकरी करते, शनिवारी येते, आणि आल्या आल्या अर्धा तास ट्रॅफिकबद्दल बोलते. ते होऊ दिलं. मग तिच्यापुढे डॉक्युमेंटेशनचं ते वाक्य ठेवलं आणि विचारलं, "मूळ डिक्शनरी बदलली तर हा व्ह्यू बदलेल का?"

"मावशी, रीड-ओन्ली लिहिलंय ना? मग नाही बदलणार. सिंपल."

मी तोंड मिटून माझी इवलीशी डिक्शनरी तिच्यासमोर चालवली.

"अय्या! हे लाइव्ह आहे?" ती पडद्याजवळ सरकली. "सीरियसली? थांब, थांब. एक मिनिट. आमच्याकडे पण एका ठिकाणी असंच..." आणि ती फोन घेऊन गॅलरीत गेली. तिचा चहा गार झाला. परत आल्यावर म्हणाली, "मावशी, आमच्या ऑफिसातलं हे कोणाला सांगू नकोस हं." मी सांगत नव्हते. आता तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही लांब आहात.

मग मी लिहायला बसले. त्या भाषेचं डॉक्युमेंटेशन कोणीही सुधारायला सुचवू शकतं. सूचना पाठवायची, मग ते सांभाळणाऱ्यांपैकी कोणीतरी ती तपासतं, त्यावर सगळ्यांसमोर चर्चा होते. मी काय समजले, का समजले आणि काय झालं ते लिहिलं. वय लिहिलं नाही. वय लिहिलं की लोक कौतुक करतात आणि वाक्य बाजूला ठेवतात.

दोन दिवसांनी उत्तर आलं. सभ्य भाषेत. व्ह्यू या शब्दातच हा अर्थ आला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय संदर्भाचं पान हे शिकवणीसाठी नसतं, इथे वाढवत गेलं तर अंत नाही.

मी उत्तर दिलं. इंग्रजीत होतं, मराठीत सांगते: "आपलं म्हणणं ज्याला अर्थ आधीच माहीत आहे त्याच्यापुरतं खरं आहे. अशा माणसाला या पानाची गरज नसते. रीड-ओन्ली हा शब्द वाचणाऱ्याला अडवलं आहे असं सांगतो, बाकी कोणाला अडवलेलं नाही हे सांगत नाही. मला शिकवणी नको आहे, मला उरलेलं अर्धं वाक्य हवं आहे." पाठवण्याआधी दोनदा वाचलं. एक विशेषण काढलं. ते विशेषण तुम्हाला सांगणार नाही.

यावर आणखी एकजण आला आणि त्याने लिहिलं की त्यालाही कधीकाळी असंच वाटलं होतं. मग पहिल्या गृहस्थाने, किंवा बाईने, मला कधी कळलं नाही, माझं सुचवलेलं वाक्य हातात घेतलं आणि त्यात चूक काढली. मी लिहिलं होतं की व्ह्यू बदलता येत नाही, पण मूळ डिक्शनरी बदलली की व्ह्यू बदलतो. त्यांचा मुद्दा असा की वाचणारा याने आणखी गोंधळेल, आधी म्हणता बदलत नाही, मग म्हणता बदलतो. मला एक अख्खी दुपार राग आला. मग वाक्य पुन्हा वाचलं. मुद्दा बरोबर होता. बदल व्ह्यूतून करता येत नाही, असं म्हणायला हवं होतं. मी तसं केलं आणि त्यांचे आभार मानले. भांडायचं म्हणजे समोरच्याचं बरोबर असेल ते घ्यायचंच नाही असं नव्हे. फक्त जागा सोडायची नाही.

नवं वाक्य पाठवलं आणि सगळं शांत झालं. होकार नाही, नकार नाही. तोवर महिनाअखेर आली.

सभेला मी हातात काहीही मान्यता नसताना गेले. कार्यवाहांनी विषय मांडला: दिवाळी अंकांसह सगळं काम कंपनीकडे द्यावं, वहिनींच्या परिश्रमांबद्दल आभाराचा ठराव करावा. आभाराचा ठराव पुण्यात कधी करतात ते तुमच्या बाबाला विचारा.

मी म्हटलं, "ठरावाआधी एक प्रश्न. कार्यवाह, हे वाक्य वाचा." वाक्याचं मराठी मी कागदावर लिहून नेलं होतं.

त्यांनी मोठ्याने वाचलं. "मूळ यादीचं फक्त वाचता येण्याजोगं दर्शन. बरं. मग?"

"मूळ यादी बदलली तर हे दर्शन बदलेल?"

"कसं बदलेल? फक्त वाचता येतं म्हणताय ना?"

"नक्की?"

"वहिनी, मी बँकेत आयुष्य काढलंय. रीड-ओन्ली म्हणजे काय ते मला शिकवू नका."

मी ग्रंथपाल बाईंकडे पाहिलं. त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. त्या उठल्या, काचेचं कपाट उघडलं, वरच्या फळीवरचा एक जाड खंड काढून टेबलावर ठेवला, आणि कपाटाला पुन्हा कुलूप लावलं.

"कार्यवाह, कपाटाला बाहेरून तुम्हाला हात लावता येतो?"

"नाही."

"म्हणजे तुमच्यापुरतं ते रीड-ओन्ली आहे. आता वरच्या फळीवर काय दिसतं?"

ते मागे वळून पाहत राहिले. "रिकामी जागा दिसते. पण तो खंड तुम्ही काढायला लावलात!"

"लावला. पण काचेतून हात घालून नाही. आणि हा सभेआधी काढलेला फोटो." मी मोबाइल टेबलावर सरकवला. फोटोत खंड जागच्या जागी होता. "मी पहिल्या दिवशी फोटोऐवजी काच वापरली. तुम्ही आत्ता तेच केलंत. माझी भाची सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिने तेच केलं. यात वय कुठे आलं ते मला दाखवा, मी आत्ता उठते."

मग कोपऱ्यातले एक सदस्य, जे एरवी सभेत फक्त चहासाठी जागे होतात, म्हणाले, "पण आता अहवाल बरोबर येतात ना? मग काम का काढायचं त्यांच्याकडून?"

बराच वेळ चर्चा झाली. मी सगळं जिंकले नाही. सभासदांची नोंद आणि वेबसाइट कंपनीकडे गेली, आणि ते मला मान्य आहे, वेबसाइटचं मला कौतुक नाही. दिवाळी अंकांचं काम माझ्याकडे राहिलं, "या वर्षापुरतं". इतिवृत्त लिहिताना ते दोन शब्द मी खोडायला लावले.

जिन्यावरून उतरताना कार्यवाह म्हणाले, "वहिनी, संगणकवाल्यांशी भांडता, आमच्याशी भांडता. दमत नाही का?"

"क्रमाने भांडते. आधी ते, मग तुम्ही. एका वेळी एकच."

"आणि आम्ही दुसरे?"

"त्यांनी निदान माझी चूक दाखवली. तुम्ही आराम करायला सांगितलंत."

ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी काउंटरवर माझ्या खुर्चीला नवी गादी होती. कोणी ठेवली ते मी विचारलं नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, मी सूचना विसरले नव्हते पण वाट पाहणं सोडलं होतं, तेव्हा एका सकाळी मेल आला. सूचना स्वीकारली. शब्द थोडे बदलले होते, आणि एका ठिकाणी माझ्यापेक्षा बरे केले होते. आता तिथे जे लिहिलं आहे त्याचं मराठी साधारण असं: "या व्ह्यूतून मूळ डिक्शनरी बदलता येत नाही, पण मूळ डिक्शनरीत झालेले बदल त्यात दिसतात. एखाद्या क्षणाची स्थिती तशीच ठेवायची असेल तर प्रत करावी."

तुमच्या बाबाला मी ते पान पाठवलं. त्याने अंगठा पाठवला. भाचीने फोन करून आधी आनंदाने आरडाओरडा केला, मग म्हणाली की त्यांच्या ऑफिसातल्या एकाने तेच पान तिला दाखवून समजावलं आणि तिने नुसतं "ओह, ओके" म्हटलं. मावशीचं नाव घ्यावंसं तिला वाटलं होतं, पण तिथे कोणाचं नाव नसतं. नसावंच. पंपाच्या मॅन्युअलवरही माझं नाव कधी नव्हतं.

तेव्हा धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कॉम्प्युटर बिघडला नव्हता. वाक्य अपुरं होतं. मी ते पुरं केलं, आणि ते करताना मला घरी बसायला सांगणाऱ्यांचं ऐकलं नाही. हे बाबाला वाचून दाखव. तो हसला तर त्याला विचार, सगळ्यांना म्हणजे कोणाला.

ती दोन वाक्यं अजून त्या पानावर आहेत. वाचनालयाच्या काउंटरवर माझा प्रोग्रॅम अजून चालतो, आणि रोज सकाळी दार उघडलं की सगळ्यात आधी तो यादीची प्रत करतो.